पाच गावं, पाच जणी आणि एक एक्सेल शीट

रविवारची दुपार. जेवण अंगावर आलेलं, लॅपटॉपवर एक आर्टिकल अर्धवट पडलेलं, आणि फोन थरथरला. आमचा 'चिंक्वे तेर्रे' नावाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप गेली काही वर्षं फक्त वाढदिवसाला जागा व्हायचा. त्या दिवशी तर कुणाचाच वाढदिवस नव्हता.

'मुलींनो, सप्टेंबरमध्ये मला दहा दिवस सुट्टी आहे. मी म्युनिकहून ट्रेननं खाली उतरते, तुम्ही मुंबईहून या. आता नाही तर कधीच नाही!'

मग बदामांचा पाऊस, नाचणाऱ्या बाहुल्या, 'ओएमजी'. आणि त्याखाली लगेच दुसरा मेसेज. 'प्लॅन अर्थात तूच करायचास. एक्सेल शीट तुझ्याकडेच आहे. आणि हो, आपले पैसेसुद्धा तुझ्याकडेच आहेत की!' पुढे डोळा मारणारी स्मायली.

मी 'येस्सऽऽ' असं लिहिलं. आणि मग बराच वेळ पंख्याकडे बघत पडून राहिले.

कारण एक्सेल शीट माझ्याकडे होती. पैसे नव्हते.

वाटून घेतलेली गावं

गोष्ट २०१९ ची. मासकॉमचं शेवटचं सेमिस्टर संपलेलं, एकेकीला नोकऱ्या लागलेल्या. एफ.सी. रोडवर वैशालीत आम्ही पाच जणी एसपीडीपीच्या दोन प्लेट्स वाटून खात बसलो होतो. एकीनं मोबाइल पुढे केला. समुद्रात घुसलेला काळा कातळ, आणि त्यावर एकमेकींच्या खांद्यावर चढून बसल्यासारखी गुलाबी, पिवळी, केशरी घरं. 'हे खरं आहे की ग्राफिक्स?' असं आम्ही सगळ्यांनी एकदम विचारलं.

खरं होतं. इटलीच्या वायव्येला लिगुरिया नावाचा किनारा आहे. तिथे डोंगर थेट समुद्रात उतरतो आणि त्या उतारावर ओळीनं पाच गावं चिकटून बसली आहेत. मोंतेरोस्सो, वेर्नात्सा, कोर्निल्या, मानारोला आणि रिओमाज्जोरे. चिंक्वे तेर्रे म्हणजेच पाच भूमी. १९९७ साली युनेस्कोनं हा भाग जागतिक वारशाच्या यादीत घातला, १९९९ मध्ये तो राष्ट्रीय उद्यान झाला. तुम्ही २०२१ चा 'लुका' हा अ‍ॅनिमेशनपट पाहिला असेल तर त्यातलं समुद्रकाठचं गाव आठवा. ते याच किनाऱ्यावरून सुचलेलं.

पाच गावं आणि आम्हीही पाच! मग काय, तिथल्या तिथे वाटणी झाली. जिला सुट्टी म्हणजे वाळूत आडवं पडणं, तिनं मोंतेरोस्सो घेतलं, कारण मोठा वाळूचा किनारा फक्त तिथेच. फोटोग्राफीवालीनं छोट्या बंदराचं देखणं वेर्नात्सा पटकावलं. सगळीकडे सगळ्यात आधी पोचणारीनं रिओमाज्जोरे घेतलं, कारण ला स्पेत्सियाहून गाडी पकडली की पहिलं स्टेशन तेच. जिनं फोटो दाखवला होता, तिचं अर्थातच फोटोतलं मानारोला.

उरलं कोर्निल्या. पाचातलं एकुलतं एक गाव जे पाण्याच्या काठावर नाही. समुद्रापासून शंभरेक मीटर उंच, कड्यावर. बंदर नाही, त्यामुळे बोट थांबत नाही. स्टेशन खाली, गाव वर आणि मध्ये पावणेचारशेहून जास्त पायऱ्या. ते माझ्या वाट्याला आलं, कारण वाटणी चालू होती तेव्हा मी बिल द्यायला काउंटरवर गेले होते.

तेव्हापासून आम्ही एकमेकींना गावांच्या नावानंच हाक मारतो. इथेही तीच नावं वापरते. खरी छापली तर चौघी मला सोडणार नाहीत.

मे २०२० मध्ये जायचं ठरलं. प्रत्येकीनं महिन्याला अडीच हजार बाजूला टाकायचे. खातं माझं, कारण बिल नेहमी मीच द्यायचे, हिशेब मीच ठेवायचे, थोडक्यात 'जबाबदार' मीच. जुलै २०१९ ते फेब्रुवारी २०२०, आठ महिन्यांत बरोब्बर एक लाख जमले. आणि ९ मार्चला इटलीनं अख्खा देश बंद केल्याची बातमी आली. दोन आठवड्यांनी आपण बंद झालो. 'ठेव तुझ्याकडेच, पुढच्या वर्षी जाऊ,' असं चौघींनी लिहिलं.

मी ठेवले. जुलैपर्यंत.

प्लॅन करणं सोपं असतं

तर रविवारच्या त्या मेसेजनंतर मी काय केलं असेल? खरं सांगायचं सोडून प्लॅन करायला बसले! टेन्शन आलं की काही जणी कपाट आवरतात, मी शीट भरते. रोज रात्री जेवण झालं की लॅपटॉप उघडायचा आणि एकेक कॉलम रंगवायचा. पाच-सहा रात्रींत मी चिंक्वे तेर्रेची एवढी माहिती काढली, की तिथे कुणी मला गाइडची नोकरी द्यावी.

पहिला प्रश्न, जायचं कधी? जुलै-ऑगस्टमध्ये ऊन आणि गर्दी दोन्ही डोक्यावर बसतात. हिवाळ्यात गावांमधल्या बोटी बंद असतात. त्यामुळे एप्रिल-मे किंवा सप्टेंबर. सप्टेंबरमध्ये तिथे द्राक्षांची तोडणी असते. उभ्या उतारावरच्या मळ्यांतून द्राक्षं खाली आणायला एकाच रुळावरून चालणारी, खेळण्यातली वाटावी अशी गाडी असते. मी हे वाचून शीटमध्ये सप्टेंबरसमोर हिरवा रंग भरला.

दुसरा प्रश्न, फिरायचं कसं? गाडी भाड्यानं घ्यायचा विचार असेल तर तो इथेच सोडा. गावांच्या आत बाहेरच्या गाड्यांना जागाच नाही. इथली खरी वाहतूक म्हणजे लोकल! ला स्पेत्सिया ते लेवांतो अशी ती धावते आणि मधली पाच स्टेशनं म्हणजे आपली पाच गावं. एका गावाहून पुढच्या गावाला जायला जेमतेम दोन-चार मिनिटं. तीही बहुतेक बोगद्यातून. समुद्र दिसतो न दिसतो तोच पुढचा बोगदा, अगदी आपल्या खंडाळ्याच्या घाटासारखं. १८७४ मध्ये ही रेल्वे आली, त्याआधी या गावांतून बाहेर पडायचं तर होडी किंवा डोंगरातली पायवाट. दिवसभर हवं तितक्या वेळा चढा-उतरायला एक कार्ड मिळतं, त्यातच पायवाटेचा प्रवेशही येतो. कार्डाची किंमत सीझननुसार बदलते, म्हणून आपल्या तारखा टाकून बघायची. साधं कागदी तिकीट काढलं तर चढण्याआधी फलाटावरच्या मशीनमध्ये त्यावर शिक्का मारायचा. विसरलात तर दंड.

दंडावरून आठवलं. डोंगरातल्या पायवाटांवर स्लिपर किंवा तसल्याच चपला घालून गेलात तरी दंड होतो! २०१९ मध्ये तसा नियम जाहीर झाला, पन्नास युरोपासून पार अडीच हजार युरोपर्यंत. मोंतेरोस्सोनं 'माझ्या नव्या कोल्हापुरींचं काय?' असं विचारलं. 'म्युनिकमध्येच ठेव,' मी लिहिलं.

मोंतेरोस्सो ते वेर्नात्सा ही वाट साधारण दोन तासांची, भरपूर चढउताराची. कोर्निल्याहून मानारोलाला जायला वर व्होलास्त्रा नावाच्या वाडीवरून द्राक्षमळ्यांतली वाट आहे, ती मी लाल अक्षरांत लिहून ठेवली. माझ्या गावाहून तिच्या गावाला जाणारी ना!

राहायचं कुठे? पाचही गावांत राहता येतं, पण खोल्या कमी आणि महाग. शिवाय लिफ्ट नावाचा प्रकार जवळपास नाही, अरुंद गल्ल्या आणि पायऱ्याच पायऱ्या. चाकांची मोठी बॅग घेऊन जाणाऱ्याची तिथे वरातच निघेल. म्हणून मुक्काम टोकाच्या गावाला, ला स्पेत्सिया किंवा लेवांतोला, आणि पाठीवर सॅक. मिलानहून मोंतेरोस्सो तीनेक तास, पिसाहून ला स्पेत्सिया तासाभराचं.

खायचं काय? आमच्यातल्या दोघी पक्क्या शाकाहारी, पण लिगुरियात त्यांची चंगळ आहे. पेस्तो मूळचा इथलाच. तुळशीची चुलत बहीण असलेली बेझिलची पानं, लसूण, पाइनचे दाणे, चीज आणि ऑलिव्ह तेल दगडी खलात कुटायचं, आणि पिळ घातलेल्या छोट्या त्रोफिए पास्त्यात घालायचं. त्याहून गंमत म्हणजे फारिनाता. हरभऱ्याच्या डाळीचं पीठ, पाणी, मीठ, तेल एकत्र करून भट्टीत भाजलेला पातळ पोळा. म्हणजे सात समुद्र ओलांडून जायचं आणि बेसनाचं धिरडं खायचं! मासे खाणाऱ्या तिघींसाठी मोंतेरोस्सोची खारवलेली अँचोव्ही. आणि शेवटच्या रात्रीसाठी शाक्केत्रा, सुकवलेल्या द्राक्षांची गोड वाइन. छोट्या ग्लासात येते आणि महाग असते, म्हणून शीटमध्ये 'पाच ग्लास' असं लिहिलं.

पाच असं लिहिताना माझा हात अडखळला. कारण मानारोलानं त्या रविवारपासून ग्रुपवर एक अक्षर लिहिलं नव्हतं. बदामही नाही, बाहुलीही नाही. फक्त एक अंगठा.

बँक स्टेटमेंट

मग आला व्हिसा. शेन्गेन व्हिसाची फी मोठ्या माणसाला ९० युरो, २०२४ च्या जूनपासून. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. किमान तीस हजार युरोंचा प्रवास विमा, परतीच्या तारखेनंतर तीन महिने तरी चालेल असा पासपोर्ट, राहण्याची आणि तिकिटांची बुकिंग्ज. नोकरीवाल्यांना ऑफिसचं रजेचं पत्र आणि सॅलरी स्लिप. माझ्यासारख्या फ्रीलान्सरला ना बॉस ना स्लिप. मग काय द्यायचं? इन्कम टॅक्स रिटर्न, क्लायंट्सची पत्रं, आणि सगळ्यात महत्त्वाचं, बँक स्टेटमेंट. म्हणजे 'ही बाई परत येईल आणि स्वतःच्या पैशानं राहील' याचा पुरावा.

स्टेटमेंट गेल्या काही महिन्यांचं लागतं. मी साइटवर तारीख टाकायला गेले आणि काय झालं कुणास ठाऊक, २०२० चा जुलै टाकला.

सगळं तिथे होतं. ज्या मासिकात मी नोकरी करत होते, ते त्या महिन्यात बंद झालं. साताऱ्याला घरी सांगितलं असतं तर आई-बाबांनी 'परत ये' म्हटलं असतं, आणि परत गेले की पुणं संपलं, असं मला तेव्हा वाटायचं. कोथरूडच्या फ्लॅटमधल्या माझ्या वाट्याचं भाडं आठ हजार. पहिल्यांदा ट्रिपच्या पैशांतून आठ हजार उचलले तेव्हा मी शीटमध्ये 'उसने' नावाचा वेगळा टॅब केला होता. तारीख, रक्कम, कशासाठी, सगळं प्रामाणिकपणे. ऑगस्टचं भाडं लिहिलं. गॅस, किराणा लिहिला. लॅपटॉपची दुरुस्ती लिहिली. पाच ओळींनंतर टॅब रिकामा होता. पैसे मात्र डिसेंबरपर्यंत जात राहिले. एक लाखातले माझे वीस सोडले तर चौघींचे ऐंशी हजार.

हेही मी सांगू शकले असते. त्या वर्षी कुणाचं काय झालं नाही? पण मग आला एप्रिल २०२१.

मानारोलाचे बाबा नागपूरला हॉस्पिटलमध्ये होते. दुसरी लाट. तिनं मला फोन केला, 'ए, माझे वीस हजार देतेस का? लगेच हवेत.' आणि मी म्हणाले, 'अगं, एफडी केलीय. मोडायला वेळ लागेल, बघते.'

एफडी फोनवरून पाच मिनिटांत मोडते. हे मला माहीत होतं, तिलाही माहीत होतं. दुसऱ्या दिवशी तिचे चार फोन आले. मी एकही उचलला नाही.

काका वाचले. महिन्याभरानं घरी आले. मी ग्रुपवर 'टेक केअर' लिहिलं. तिनं वीस हजारांचा विषय पुन्हा काढला नाही. कधीच नाही. वाढदिवसाला ती मला 'हॅपी बर्थडे' लिहायची. आधी ती बारा वाजता फोन करून बेसूर गाणं म्हणायची.

गडगा

त्या रात्री झोप येईना म्हणून पुन्हा चिंक्वे तेर्रेच वाचत बसले. फोटोत आपल्याला रंगीत घरं दिसतात, पण त्या घरांमागे डोंगरभर आडव्या रेघा असतात, त्या कुणी बघत नाही. त्या रेघा म्हणजे दगडी बांध. शेकडो वर्षं तिथल्या माणसांनी उभा उतार फोडून, टप्पे करून, बांध घालून द्राक्षं लावली. चुना नाही, सिमेंट नाही, नुसता दगडावर दगड. असे बांध रचण्याची कला २०१८ मध्ये युनेस्कोच्या यादीत आली.

सिमेंट नसल्यामुळे पावसाचं पाणी फटींतून निघून जातं. पण सिमेंट नसल्यामुळेच दगड सुटतातही. मग शेतकऱ्यानं दर वर्षी ते उचलून परत लावायचे. हे काम कधी संपत नाही. पुढे तरुण पोरं शेती सोडून शहरात नोकरीला गेली, पर्यटनात गेली. बांधांकडे बघायला कुणी उरलं नाही. ते ढासळायला लागले, आणि बांध ढासळला की खालची जमीन सैल होते. २५ ऑक्टोबर २०११ ला तिथे काही तासांत भयंकर पाऊस झाला. वेर्नात्सा आणि मोंतेरोस्सोच्या गल्ल्यांत डोंगर उतरला. वेर्नात्साचा मुख्य रस्ता माणसाच्या उंचीहून जास्त चिखलात बुजला, माणसं गेली. त्यानंतरच्या वर्षी, सप्टेंबर २०१२ मध्ये, रिओमाज्जोरे ते मानारोला या 'व्हिया देल्लामोरे' म्हणजे प्रेमाच्या वाटेवर दरड कोसळली आणि चार पर्यटक जखमी झाले. समुद्राच्या कडेनं जाणारी ही सपाट, जेमतेम किलोमीटरभराची वाट. ती पूर्ण चालू व्हायला २०२४ चा ऑगस्ट उजाडला. एक किलोमीटर आणि जवळजवळ बारा वर्षं!

हे वाचताना मला माझं आजोळ आठवलं. देवगडजवळ. आजोबांच्या बागेला गडगा होता. कोकणातल्या वाचकांना सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगते, गडगा म्हणजे कुठलंही गिलाव्याचं काम न करता दगडांवर दगड रचून घातलेलं कुंपण. मे महिन्याच्या सुट्टीत आजोबा रोज सकाळी गडग्याच्या कडेनं चक्कर मारायचे. पडलेला दगड दिसला की वाकून उचलायचा, फिरवून बघायचा, जागेवर बसवायचा. मी एकदा म्हटलं, 'आजोबा, एकच तर दगड आहे, उद्या लावा की.' ते म्हणाले, 'उद्या त्याच्या बाजूचो पडता. परवा गुरां आत.'

माझा पहिला दगड जुलै २०२० मध्ये पडला होता. आठ हजारांचा.

पाठवा

दुसऱ्या दिवशी सकाळी मी 'उसने' टॅब पूर्ण भरला. बँक स्टेटमेंट बाजूला ठेवून, एकेक ओळ. शेवटी बेरीज. मग एफडीबद्दलची ओळ, 'एप्रिल २०२१. एफडी नव्हती. खोटं बोलले.' अख्खी शीट ऑनलाइन टाकली, लिंक ग्रुपवर दिली आणि खाली लिहिलं, 'आधी दुसरा टॅब बघा. मग प्लॅन.' आणि फोन उलटा करून पोळ्या लाटायला गेले. नऊ पोळ्या केल्या. मी घरात एकटी राहते.

मोंतेरोस्सोचा मेसेज होता, 'वेडी आहेस का? तेव्हा सांगितलं असतंस तर मीच म्हटलं असतं, वापर.' वेर्नात्साचा व्हॉइस मेसेज आला, त्यात तिची आठ महिन्यांची लेक इतकी रडत होती, की मधले 'अगं', 'जाऊ दे' आणि 'पण सांगायचंस ना गं' एवढंच कळलं. रिओमाज्जोरे हिंजवडीत असते, डोक्यावर गृहकर्ज. ती म्हणाली, 'मला राग आलाय. उद्या बोलते.' दुसऱ्या दिवशी खरंच बोलली, चांगली झापलीन. मला ते बरं वाटलं.

मानारोलाच्या नावापुढे दोन निळ्या टिका. बस. एक दिवस, दोन दिवस, तीन दिवस.

चौथ्या दिवशी मी फोन केला. रिंग वाजत होती तेव्हा वाटलं, उचलू नये तिनं. आपण चार वेळा केला नव्हता, तिनंही चार वेळा करू नये, हिशेब मिटेल.

तिनं दुसऱ्या रिंगला उचलला.

'बोल,' ती म्हणाली. मी जे पाठ केलं होतं ते सगळं विसरले. 'सॉरी' म्हणाले. मग परत तेच.

'वीस हजार मावशीनं त्याच दिवशी दिले होते,' ती म्हणाली. 'तुला मी दुसऱ्या दिवशी पैशांसाठी नव्हतेच फोन करत. बाबांना आत नेलेलं, आईला मी घरी पाठवलेलं, रात्रभर बाहेर एकटी बसले होते. मला कुणाशी तरी बोलायचं होतं. कुणाशी तरी नाही, तुझ्याशी.'

मी काहीच बोलले नाही. बोलण्यासारखं काय होतं?

थोड्या वेळानं ती म्हणाली, 'पैसे पाठव. सगळ्यांचे पाठव. व्याज नको.' आणि मग, 'बाबा आता रोज चालायला जातात. तुझी विचारपूस करतात. मी सांगते, बिझी आहे.'

सप्टेंबरचा मे

ट्रिपसाठी मी गेल्या दोन वर्षांत एक लाख सत्तर हजार साठवले होते. साधारण तेवढाच माझा एकटीचा खर्च धरला होता, तिकीट, व्हिसा, नऊ दिवसांचं राहणं-खाणं सगळं मिळून. त्यातले ऐंशी हजार त्याच संध्याकाळी चार खात्यांत गेले. उरलेल्या नव्वदांत चिंक्वे तेर्रे होत नाही. आणि असं स्टेटमेंट घेऊन व्हिसाच्या खिडकीसमोर उभं राहण्यातही अर्थ नाही.

मी ग्रुपवर लिहिलं, 'तुम्ही सप्टेंबरला जा. शीट तयार आहे, मी इथून गाइड करते.' मनापासून लिहिलं होतं. थोडं रडूनही लिहिलं होतं.

मोंतेरोस्सोनं अर्धा दिवस कटकट केली, जर्मन ऑफिसात सुट्टी बदलणं म्हणजे काय असतं ते ऐकवलं. मग विचारलं, 'मेमध्ये काय असतं गं तिकडे?' मी शीट उघडली. मे महिन्यात तिच्याच गावात लिंबांची जत्रा भरते, तिसऱ्या शनिवारी. लिंबाचे केक, लिंबाचं जॅम, लिंबाचं मद्य, गल्ल्यांमध्ये पिवळा रंग. 'मग मे,' ती म्हणाली. वेर्नात्सा येणार नाही, लेक लहान आहे. तिच्या गावाचे फोटो काढण्याची जबाबदारी माझ्यावर आहे आणि फ्रेम कशी हवी त्याच्या सूचना आत्ताच आल्या आहेत. रिओमाज्जोरे सुट्टी आणि ईएमआयच्या मध्ये लटकली आहे. शाक्केत्राचे ग्लास मी पाचाचे तीन केले आणि त्यापुढे प्रश्नचिन्ह टाकलं, कारण तिसऱ्या नावाची मला खात्री नव्हती.

म्हणजे अजून तिकीट नाही, व्हिसा नाही, काहीच पक्कं नाही. मीही महिन्याला दहा हजार बाजूला टाकते आहे, यावेळी फक्त माझे. आणि आपल्याच जिवावर फ्रीलान्स करणाऱ्या सगळ्यांना एक फुकटचा सल्ला. दुसऱ्यांचे पैसे आपल्या खात्यात ठेवू नका, आणि ठेवलेत तर 'उसने' टॅब बंद करू नका.

परवा रात्री शीट उघडली, तर कुणीतरी आधीच आत होतं. प्रेमाच्या वाटेच्या ओळीत बदल झाला होता. मी तिथे फक्त 'वेगळं तिकीट, वेळ ठरवून बुक करावं लागतं' असं लिहिलं होतं. त्यापुढे आता 'सकाळची वेळ घे, दुपारी ऊन असेल' असं होतं. शाक्केत्रापुढचं प्रश्नचिन्ह कुणीतरी काढून टाकलं होतं. आणि कोर्निल्याच्या ओळीत, पावणेचारशे पायऱ्यांच्या बाजूला, एक छोटी नोट होती.

'स्टेशनवरून वर गावात बस जाते, वाचलं मी. कार्डावर चालते. मी बसनं येईन. पायऱ्या तू चढ.'

चढते, मी लिहिलं. वर थांब फक्त.